चावडीचा दिवा इझवायची नोकरी

दिवे लावनाऱ्याचं नाव निघतं. दिवाळीत तर निघतंच. मी जलमभर दिवे इझवले आन् त्याचा पगार घेतला, मंग माझं नाव कोन काढनार. पर यंदा दिवाळी अंक काढनाऱ्या पोरांनी आमच्या नातसुनंला इचारलं, तुमच्या आजीनं पंचायतीत काम केलंय म्हनं, दोन शबुद लिहून द्या. मला सही येती, त्याच्या पुढचं येत न्हाई. म्हनून मी सांगते आन् ती लिवती. मधीच थांबून म्हनती, "आजी, हे असं लिवू का? वंगाळ दिसतंय." मी म्हनते लिव्ह. वाचनारी मान्सं काय आपल्या घरात पोरगी देनार हायेत व्हय.

आमचं गाव जामखेडच्या अंगाला. पानी कमी, दगूड लई. आमचे मालक गावातले कंदील लावायचे. तवा लाईट नव्हती. चौकाचौकात लाकडाचा डांब, डांबावर काचेची पेटी आन् पेटीत कंदील. दिस कलला की शिडी खांद्यावर आन् रॉकेलचा डबा हातात घिऊन मालक निघायचे. काच कोरड्या राखंनं पुसायची, ओल लागली की तडकती. वात सरळ कापायची. तिरकी कापली की ती एका बाजूनं धूर ओकती आन् काच तव्यावानी काळी व्हती. हे कुनालाबी जमतं. खरं कसब रॉकेलच्या मापात. पंचायत बेतानंच रॉकेल देयाची. मालक ते असं मापून घालायचे की गावातली भांडी घासून झाली, मान्सं आडवी झाली, कुत्री गप झाली, की दिवा आपल्या आपन शांत व्हायचा. चांदनी पाख आली की दिवे लावायचेच न्हाईत. वर फुकटचा लागलेला असताना खाली कशाला जाळायचा.

आन् दिवा हातानं कुनी इझवायचा न्हाई. आमच्याकडं दिवा इझवला असं तोंडानं बी म्हनत न्हाईत. शांत केला म्हनायचं न्हाईतर वाढवला म्हनायचं. पेटता दिवा इझवनं म्हंजी लक्षुमीला बखोटीला धरून उंबऱ्याभाईर काढनं. म्हनून तर मालकांच्या मापाला मान हुता. लक्षुमी आपल्या पायानं जायाची, कुनाला पाप न्हाई.

एकदा काच तडकली आन् मालकांच्या हाताला लागली. त्यांनी हळद दाबली आन् तसंच रॉकेल भरत गेले. धनुर्वात झाला. गेले. सुंदरा, माझी लेक, तवा अंगावर पीत हुती.

मी शिडी उचलली. बाई शिडीवर चढती म्हनून गावात लई दिस चर्चा. खालून बघनारे ढीगभर, शिडी धरनारा एक न्हाई. मी कासोटा आवळून मारायचे आन् रॉकेलची चिंधी हातात ठेवायचे. एक गडी रोजच शिडीखाली उभा राहून आभाळ बघायचा. एक दिस चिंधी पिळली त्याच्या आभाळात. आठवडाभर डोळं आल्यात म्हनून सांगत फिरला. त्याच्या पुढं मातुर कुनी आभाळ बघितलं न्हाई.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडायच्या जरा आदी गावात लाईट आली. लोखंडी डांब, त्याच्यावर बल्ब आन् समद्यांचा मिळून चावडीच्या भिंतीला एक खटका. त्या संध्याकाळी बायांनी डांबाला पानी घातलं, हळदकुकू लावलं. कुनी नारळ फोडायला गेलं तर वायरमन वरडला, "अहो, डांबावर न्हाई, दगडावर फोडा." सरपंच आप्पांनी खटका वर केला आन् सारं गाव उजळलं. समद्यांनी हात जोडले. मी बी जोडले. मनात म्हनलं, चला, आपली भाकरी उजळून गेली.

आप्पा मानूस तसा वाईट न्हवता. पोट मोठं, आवाज मोठा, बाकी समदं त्याच्या आईच्या हातात. मला म्हनले, "यमुने, तुझं काम सपलं बाई. शिडी पंचायतीत आनून टाक."

मी दुसऱ्या दिशी सकाळी शिडी घिऊन गेले. सूर्यनारायन कासराभर वर आल्याला आन् खाली बल्ब जळत्यात. दोघं एकमेकाकडं बघत बसलेले. तसंच त्याच्या दुसऱ्या दिशी. खटका खाली करायला कुनी तयारच न्हाई. नामा शिपायाला सांगितलं तर तो म्हनला, "माझी बायको पोटुशी हाय, मी न्हाई जळत्या दिव्याला हात लावायचा." आप्पा सोता निघाले तर त्यांची आई उंबऱ्यात आडवी. आमी तिला आत्याबाई म्हनायचो. वाळल्या बाभळीवानी म्हातारी, पर काटं समदे जागच्या जागी.

"आप्पा, खटका खाली केलास तर मी आड जवळ करीन."

"अगं आई, मंग दिस-रात जळू देऊ का?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. म्हनली, "हिला सांग की. हिचा दिवा तर इझलेलाच हाय. हिला आता काय व्हायचं राहिलंय."

बोलनं काट्यावानी लागलं. पर त्या काट्याला पगार हुता. मी काटा घेतला.

अशी माझी नोकरी ठरली. संध्याकाळी दिवा लावायला आप्पा न्हाईतर नामा, हात जोडायला गाव. पहाटं कोंबडा आरवला की इझवायला मी, आन् त्या टायमाला माझं तोंड बी कुनी बघायचं न्हाई. खटका खाली केला की चावडीम्होरं झाडून काढायचं, हे बी कामातच.

त्या झाडन्यात मला समदं कळाया लागलं. कंदिलाखाली पाच-धा चिलटं मरून पडायची. बल्बाखाली पाटीभर किडं. पतंग, भुंगे, पंखाच्या मुंग्या, हिरवे-पिवळे, मी जलमात न बघितलेले. रातभर बल्बाभवती घिरट्या घालून घालून दमून मरायचे. त्यांच्या वासानं बेडूक आले. पावसाबिगर कुठून आले देव जानं, पर ढेकळाएवढे बेडूक डांबाभवती पंगत धरून बसायचे. पालींची तर दिवाळी. आन् पिंगळ्यानं, ते टिचभर घुबड असतं ना पहाटं किचकिच करनारं, त्यानं तर डांबावर बिऱ्हाडच केलं. बसल्या जागी तोंडात पतंग पडतोय, कोन शिकारीला जातंय. मी त्याला सरपंच म्हनायचे.

म्हंजी दिव्यानं समद्यांचंच वाटुळं केलं असं न्हाई. काही जनांचं बरं चाललं. जे खानारं हुतं त्याचं बरं चाललं, जे खाल्लं जात हुतं त्याचं न्हाई. तसं तर कुठं बी असतं.

शेजारची कौसा मातुर तनतनत आली. तिचा कोंबडा डांबाखालच्या खुराड्यात. त्याला रातचा उजेड दिसला की दिला आवाज. मंग परत. मंग परत.

"यमुने, तुझ्या दिव्यानं माझा कोंबडा बिघडला. येळ-काळ कळंना त्याला."

"माझा दिवा कुठंय? मी इझवनारी. लावनाऱ्याला इचार."

"आप्पाला कोन इचारनार?"

"मंग कोंबड्याला इचार," मी म्हनलं.

तिनं रस्सा केला त्याचा. मला वाटी धाडली. मांस कडू नव्हतं, पर चावाया लई लागलं. झोप न झाल्यालं जनावर.

आता एक अडचन सांगते, ती नातसून लिवायला लाजत हुती. तवा घरात संडास नव्हते. बाया अंधार पडला की चावडीमागच्या पांदीत जायच्या. अंधार हाच आमचा आडोसा. लाईट आली आन् पांदीच्या तोंडापतुर उजेड गेला. पर बल्बाचा उजेड पिवळा, मरतुकडा, चार पावलं पुढं गेलं की भागायचं. अजून तरी भागत हुतं.

मंग दुष्काळ पडला. आमच्याकडं तसा दर साली पडतो, पर ह्यो मुक्कामालाच आला. नदी वाळून तिच्यात गाड्या चालल्या. माळावर सरकारी काम निघालं, खडी फोडायचं. निम्मं गाव तिथं. मजुरांसाठनं लाल मिलो आली पोत्यानं, परदेशातली ज्वारी. ती ठेवली चावडीच्या आतल्या खोलीत. भाकरी मोडायची न्हाई, तुटायची. पर तीच हुती.

धान्य आलं तशी आप्पास्नी चोरांची धास्ती पडली. त्यांनी खटपट करून चावडीच्या आढ्याला मोठा दिवा बसवून घेतला. मर्क्युरी म्हनत्यात त्याला. निळा-पांढरा, त्याच्याखाली जितं मानूस मढ्यावानी दिसायचं. त्याला निराळा खटका. रातभर जाळायचा, पहाटंच शांत करायचा, असा हुकूम.

चावडीच्या माळ्यावर घुबडाचं जोडपं राहत हुतं. पिंगळं न्हवं, मोठं. पांढऱ्या तोंडाचं, तोंड अगदी पिंपळाच्या पानावानी. मालकांच्या येळंपासनं हुतं. दिवेलागनीला झरोक्यातनं निघायचं, आवाज न्हाई काय न्हाई. पहाटं मी झाडायला जायाचे तवा झरोक्याखाली त्याच्या गोळ्या पडलेल्या असायच्या. घुबड उंदीर आख्खा गिळतं आन् केस-हाडं गोळी करून तोंडातनं टाकतं. गोळी फोडली की आत उंदराची कवटी, दात समदे जागच्या जागी. गावात कुनी तिकडं बघायचं न्हाई, अपशकुन म्हनून. मी बघायचे. मला इझवनारीला कसला अपशकुन, मी सोताच एक हुते.

मोठा दिवा पहिल्यांदा लावला तवा सारं गाव जमलं. आप्पांनी खटका वर केला. त्याच टायमाला घुबड निघायला आन् उजेड डोळ्यात जायला एक गाठ पडली. ते आढ्यावरच बसलं, मान फिरवत. बायांनी पदर तोंडाला लावले. आप्पांनी दगूड उचलला आन् हानला. लागला न्हाई. घुबड फिस्स करून नदीच्या अंगाला गेलं.

आत्याबाईनं कपाळावर हात मारला. "मेल्या, घुबडाला दगूड मारलास? ते आता तो दगूड उचलंल, नदीवर निऊन पान्यात घासंल. दगूड झिजंल तसा तू झिजशील."

आप्पा हसले. "अगं आई, नदीत पानी कुठंय घासायला?"

सारी चावडी हसली. आप्पा पोटावर हात फिरवत म्हनले, "आन् झिजलो जरासा तर बरंच हाय की."

दुसऱ्या दिशी झरोक्याखाली गोळी न्हवती. तिसऱ्या दिशी बी न्हाई. मोठा दिवा नेमका झरोक्याच्या तोंडावर. त्या जनावरानं निघावं कसं आन् यावं कसं. आप्पा खुशीत. म्हनले, "बघा, लाईटीनं अपशकुन बी पळाला."

मंग उंदीर आले.

आदी हुतेच, पर चोरावानी हुते. आता जावयावानी आले. पोती खालनं कुरतडली. नामा पोतं उचलायला गेला की वरचं हातात आन् मिलो पायात. आप्पांनी गावातली मांजरं गोळा करून चावडीवर सोडली. मांजरं रातभर दिव्याखाली बसली. वरनं पतंग पडत्यात, भिंतीवरनं पाली, कशाला कोन आत अंधारात उंदराच्या मागं धावतंय. मांजरं फुगली, इतकी की एक तर पतंग तोंडाजवळ पडला तरच खायची. आत उंदीर, भाईर मांजरं, मधी भिंत आन् कुनाची तक्रार न्हाई.

तक्रार मजुरांची हुती. मिलो कमी पडाया लागली. दिसभर खडी फोडून आल्यालं मानूस, त्याच्या वाट्याला कमी आलं की ते उंदराचं नाव ऐकत न्हाई. ते दोन पायाचा उंदीर शोधतं. पयलं नाव आप्पाचं निघालं. आप्पा घाबरले आन् माझ्याकडं आले.

"यमुने, पहाटं अंधारात चावडीपाशी कोन असतं?"

"मी."

"एकटी?"

"तुमीच ठेवली की एकटी."

"मी न्हाई म्हनत तू न्हेतीस. लोक म्हनत्यात. माझं नाव निघतंय, मला ते कुनावर तरी ढकलाया पाहिजे. पुढच्या बाजारापतुर उंदीर थांबले न्हाईत तर तुला काढावं लागंल. माळावर जा खडी फोडायला."

मानूस तोंडावर खरं बोलला, त्याचं मला बरं वाटलं. खडीचं मला भ्या न्हवतं. सुंदरा लहान, तिला उन्हात कुठं ठेवायची. आन् चोरटी म्हनून काढल्याली बाई खडीवर बी लोक जवळ बसू देत न्हाईत.

मी म्हनलं, "आप्पा, तो मोठा दिवा निजानीज झाली की मला शांत करू द्या. दिवा लावल्यापून घुबड गेलंय. त्याच्या गोळ्या बंद झाल्या आन् उंदीर चालू झाले."

"म्हंजी अपशकुनाला बोलावनं धाडू? आन् रातच्याला जळता दिवा इझवू? चोर येतील."

"चोर येत्यातच की. शेपटीवाले."

"जा, जा," आप्पा म्हनले. "बाजारापतुर."

त्या संध्याकाळी मी घराकडं निघाले तर चावडीच्या कोपऱ्यावर आत्याबाई. हातात लोटा, भिंतीला पाठ लावून उभी. लपाछपी खेळनाऱ्या पोरावानी एकदा इकडं बघती, एकदा तिकडं.

"आत्याबाई, कुनाची वाट बघता?"

"अंधाराची," म्हातारी म्हनली. "तुझ्या त्या दिव्याला आग लागो. पांदीच्या टोकापतुर लख्ख. काल बसले तर माझी सावली थेट मारुतीच्या देवळापतुर गेली. देव काय म्हनला असंल."

"मंग काय केलं?"

"काय करनार. धरून बसले. ह्या वयात धरायला काय उरलंय पोरी."

मी तिच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले. म्हनलं, "घुबडाची बी हीच अडचन हाय आत्याबाई. त्याला बी उजेडात निघता येईना."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मंग मी समदं सांगितलं तिला. उंदीर, मिलो, माझ्यावरचं नाव, बाजारापतुरची मुदत. ती लोटा धरून ऐकत राहिली.

"घुबड मला नगं," ती म्हनली. "अंधार पाहिजे."

"दोघं एकदमच येत्यात."

म्हातारी तशीच लोटा घिऊन घराकडं फिरली. मी मागं. आप्पा जेवाया बसलेले.

"आप्पा, आजपून भांडी घासून झाली की यमुना चावडीचा मोठा दिवा शांत करंल."

आप्पांचा घास हातात राहिला. "आई, तूच म्हनलीस ना जळता दिवा इझवू नगं?"

"तुला म्हनलं. हिला कुनी म्हनलं?"

"आन् चोर आले म्हंजी?"

"तू चावडीत झोप. तुझ्या घोरन्यानं ढेकूण घर सोडून गेले, चोराचं काय घिऊन बसलास."

ते ठरलं. आप्पा बाज घिऊन चावडीच्या ओट्यावर. भांडी घासल्याचा आवाज बंद झाला की मी खटका खाली करायचे. पयल्या दिशी खटका पाडला तवा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पहाटंचा दिवा इझवनं येगळं, तवा सूर्य यायचाच असतो. ह्यो दिवा इझवला की मागं काहीच यायचं न्हवतं. मी मनातल्या मनात मालकांचं नाव घेतलं, जसं काय रॉकेलच सपलं.

बायांनी पांदीतनं येताना माझ्याकडं बघून मान हालवली. इझवनारीचं तोंड बघायला त्यास्नी तवा काय वाटलं न्हाई.

मांजरं दोन दिस दिव्याकडं तोंड करून बसली. कधी लागतोय म्हनून. मंग त्यास्नी भूक लागली आन् त्यांना आठवलं की आपन मांजरं हाव. एक-एक करून खोलीत शिरली.

पर घुबड न्हाई. मी रोज पहाटं झरोक्याखाली बघायचे. शेन, धूळ, पाचोळा. गोळी न्हाई. बाजार जवळ आला. मी घरात मालकांचा जुना हातोडा शोधून ठेवला, दांडा ढिला हुता, पाचर मारली. सुंदरासाठनं जुन्या लुगड्याची झोळी शिवली, माळावर बाभळीला बांधायला. रडले न्हाई. रडून पाचर बसत न्हाई.

बाजाराच्या आदल्या दिशी खटका पाडून मी ओट्याखाली बसले. आप्पा आजून झोपले न्हवते, बिडी वढत हुते.

"न्हाई आलं मंग तुझं," ते म्हनले.

"न्हाई."

"वंगाळ वाटतंय बघ मला. पर लोकं..."

तवड्यात पांदीकडनं आत्याबाई आली. लोटा रिकामा, चालनं झपाझपा. जवळ येऊन उभी राहिली आन् आपल्याच डोक्यावरनं हात फिरवला.

"यमुने, माझ्या डोक्यावरनं कायतरी गेलं. आवाज न्हाई, वारा बी न्हाई. पांढरं हुतं."

मंग आढ्यावरनं आवाज आला, जुनं लुगडं टराटरा फाडल्यावानी. आप्पा बाजंवरनं खाली उतरले. आत्याबाईनं लोटा खाली ठेवला, पदर सावरला आन् त्या काळोखाकडं तोंड करून हात जोडले. जलमात पयल्यांदा कुनी अंधाराला हात जोडलेले मी बघितले.

सकाळी झरोक्याखाली गोळी हुती. ओली, काळी, चकचकीत. मी ती पळसाच्या पानात घेतली आन् आप्पाच्या घरी गेले. बाजाराचा दिस, ते न्याहारीला बसलेले, मिलोची भाकरी आन् मिरचीचा ठेचा. मी पान त्यांच्या ताटाशेजारी ठेवून गोळी फोडली.

"हे काय आनलंस सकाळी सकाळी?"

"तुमचा चोर."

कवटी निघाली, दातासकट. आप्पांनी भाकरी बाजूला सारली. पर चावडीवर जाऊन त्यांनीच ती कवटी चार मजुरास्नी दाखवली, जशी काय सोता धरलीय. माझं नाव सुटलं. घुबडानं उंदीर कमी केले का मांजरांनी, हे मला आजून ठाऊक न्हाई. घुबडानं कधी सांगितलं न्हाई, आन् मांजर तर कशाचंच श्रेय दुसऱ्याला देत न्हाई. पोती फाटायची थांबली एवढं खरं.

पुढं पाऊस झाला. नदी आली. आन् नदी आल्याच्या पाठोपाठ आप्पास्नी ताप आला. साधा हिवताप, अर्ध्या गावाला हुता. पर मला बोलावनं आलं. गेले तर आप्पा घोंगडीत गुंडाळून बसलेले, डोळं खोल. बायकुला भाईर जायला सांगितलं.

"यमुने, खरं सांग. नदीला पानी आलंय."

"व्हय, आलंय की."

"घासत असंल का गं ते?"

मी हसू दाबलं. मानूस खरंच भ्यालेला. म्हनलं, "न्हाई आप्पा. दिवा येळंवर शांत व्हतोय तवर न्हाई घासायचं."

आप्पांनी घोंगडी कानापतुर वढली.

"येळंवर कोन करतंय शांत?"

"मीच की."

"मंग करत जा बाई," ते म्हनले. "सोडू नगंस हे काम."

मी न्हाई सोडलं. कंबर वाकंपतुर केलं. पुढं चावडी पाडली, पक्की बांधली, झरोका ठेवायचं कुनाच्या ध्यानात राहिलं न्हाई. आता गावात पांढऱ्या दिव्यांचे डांब हायेत, त्यास्नी खटकाच न्हाई. आपल्या आपन लागत्यात, आपल्या आपन बंद व्हत्यात, आन् ढग आलं की भर दुपारी बी लागत्यात, कौसाच्या कोंबड्यावानी. घुबड ऐकून लई वरसं झाली. पांदीतले काजवे तर सुंदराच्या लेकरांनी बघितलेच न्हाईत. त्याला कुनाला बोलावं, बटन असतं तर बटनवाल्याला बोलले असते.

आन् तो दगूड घुबडानं न्हेला न्हवता. आप्पांनी मारला त्याच्या दुसऱ्या दिशी मला झाडताना घावला, आढ्याखाली पडल्याला. चांगला चपटा आन् खरबरीत हुता, म्हनून मी घरी न्हेला. वातीची कातर त्याच्यावर घासायचे, मंग विळा, मंग इळी. आजून घासते, पान्याचं बोट लावून. आप्पा तरी बी झिजले न्हाईत. चांगले म्हातारे झाले, आन् गेले तवा तिरडीला चार खांदे पुरले न्हाईत. दगूड मातुर निम्मा झालाय.